कापरेकर मास्तर आणि इक्वल-टूचं बटण

मंडळी, सुरुवातीलाच कबूल करतो. या लेखकाला एम-टूमध्ये केटी लागली होती. तेव्हा मी गणितावर लिहितोय म्हणजे पोहता न येणाऱ्यानं समुद्राचं वर्णन करण्यासारखं आहे. पण किनाऱ्यावरून का होईना, समुद्र मी पाहिलाय. कसा, ते सांगतो.

केटीच्या परीक्षेआधीचे दिवस. होस्टेल अर्धं रिकामं. मेस बंद, त्यामुळे रात्री अंधेरी स्टेशनबाहेर वडापाव आणि नंतर रूमवर चहा. माझा रूममेट (त्याचे सगळे विषय सुटलेले, तो उगाच थांबला होता) माझा कॅसिओ घेऊन पलंगावर लोळत होता. म्हणाला, १.५ टाइप कर आणि इक्वल-टू दाब. मग १.५ चा घात आन्सर असं टाइप कर आणि नुसतं इक्वल-टू दाबत बस.

हा झाला घातांकांचा मनोरा. १.५ च्या डोक्यावर १.५, त्याच्या डोक्यावर पुन्हा १.५, असे मजले चढवत जायचे. किंमत मात्र नेहमी वरच्या मजल्यावरून खाली काढायची. चार मजली २ चा मनोरा वरून काढला तर ६५५३६ येतो. खालून काढायला गेलात तर फक्त २५६. (पेपरात मी कुठून काढला असेल ते सुज्ञांस सांगणे न लगे.)

तर मी दाबत बसलो. १.८३, २.१०, २.३४, २.५९... कासवासारखं चाललं होतं. आठव्यांदा ४.३८. दहाव्यांदा ११ च्या जवळ. अकराव्यांदा ८६. बाराव्यांदा एकदम सोळा आकडी संख्या आणि तेराव्यांदा मॅथ एरर!

आता हेच १.५ च्या ऐवजी √२ घेऊन कर, म्हणाला. √२ म्हणजे १.४१४, फरक तो किती! १.६३, १.७६, १.८४, १.८९... आणि मग गाडी हळू होत गेली. विसाव्यांदा १.९९९७. पुढे कितीही दाबा, २ च्या पुढे जातच नाही. एक मनोरा आकाश फाडून गेला आणि त्याच्याहून किंचित बुटक्या विटांचा मनोरा गुपचूप २ वर येऊन थांबला.

हे कुठे थांबतं आणि कुठे सुटतं, ते ऑयलरसाहेबांनी १७७८ साली छापलेल्या एका लॅटिन लेखात तपासलेलं आहे. सुमारे ०.०६६ पासून १.४४४६ पर्यंतची कुठलीही संख्या घ्या, तिचा अनंत मजली मनोरा ठरावीक जागी थांबतो. १.४४४६ च्या वर गेलात की मॅथ एरर ठरलेला.

रूममेटनं मग शेवटचा बॉम्ब टाकला. मनोऱ्याची किंमत ४ यायला हवी असेल तर वीट कुठली घ्यायची? मी कागदावर मांडलं. क्ष चा घात ४ बरोबर ४, म्हणजे क्ष बरोबर ४ चं चौथं मूळ, म्हणजे... √२. पण √२ चा मनोरा तर आत्ताच २ वर थांबला होता! मग २ बरोबर ४? रात्री दीड वाजता माणसाला असल्या गोष्टी पटतातही. खरं उत्तर असं की √२ साठी २ आणि ४ या दोन्ही जागा स्थिर आहेत. बरोबर ४ वर उभे राहिलात तर तिथेच राहाल. पण √२ पासून चढत निघालेल्याला २ ओलांडताच येत नाही, त्यामुळे ४ कधी भेटतच नाही. जागा असणं वेगळं आणि तिथे पोचणं वेगळं.

असो. एम-टू बाजूलाच राहिलं होतं. मी वैतागून म्हटलं, कॅल्क्युलेटर न वापरता थांबणारं काहीतरी सांग. त्यावर तो म्हणाला, तू नाशिकचा ना? मग तुला ६१७४ माहीत असणारच.

मला माहीत नव्हतं.

तुम्हांलाही माहीत नसेल तर चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमानं मांडून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमानं मांडून लहानात लहान करा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा. ६१७४ येणार. आणि एकदा आलं की ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४, तिथून हलायचं नाव नाही. ही गोष्ट ज्यांनी शोधली ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत मास्तर होते. देवळाली! माझ्या नाशिकरोडच्या घरापासून रेल्वेनं एकच स्टेशन. आणि दहावीपर्यंत नाशिक जिल्ह्यात शिकून हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते अंधेरीच्या होस्टेलमध्ये, एका सोलापूरच्या मुलाकडून. लाज वाटली, खरंच सांगतो. दुसऱ्या दिवशी अभ्यास सोडून त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत बसलो.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आपल्या बोरिवलीवरून २०१३ पासून थेट लोकल जाते तेच डहाणू. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. आता ज्योतिषावर तुमचा विश्वास असो वा नसो (माझा नाही), पण पत्रिका मांडायची तर हातानं आकडेमोड भरपूर करावी लागते. आई नसलेल्या घरात वडिलांनी मुलाला ती शिकवली आणि मुलाला ग्रहांपेक्षा आकडेच आवडले. पुढे शाळा ठाण्याला. तिथे कोडी सोडवण्यात त्यांचे तासन्‌तास जात.

१९२३ साली ते पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेले. फर्ग्युसन म्हणजे रँग्लर परांजप्यांचं कॉलेज. र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले होते, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले. त्यांच्या नावाचं बक्षीस विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती कामाला मिळायचं आणि १९२७ साली ते कापरेकरांना मिळालं. १९२९ साली बी.एस्सी. झाले.

इथे मी थांबलो होतो. रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालेला बावीस वर्षांचा मुलगा. पुढे काय व्हायला हवं? एम.एस्सी., मग केंब्रिज, मग प्रोफेसर. तसं काहीच झालं नाही. पदवीनंतर पुढचं औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलंच नाही. देवळालीच्या शाळेत नोकरी धरली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तीस-बत्तीस वर्षं तिथेच मुलांना शिकवलं. बाकीचा वेळ आकड्यांना.

त्या आकड्यांची नावंसुद्धा बघण्यासारखी आहेत. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. या घराण्यातल्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं. डेम्लो कोण? मला वाटलं कोणी फ्रेंच गणिती असेल. तर ते चक्क स्टेशनचं नाव निघालं. मुंबईपासून तीस मैलांवर जी.आय.पी. रेल्वेवरचं डेम्लो, म्हणजे आपलं डोंबिवली! तिथे त्यांना ही कल्पना सुचली म्हणून हे नाव. माझी आत्या मुलुंडला राहते, त्यामुळे डोंबिवली फास्टशी माझा संबंध येतो. त्या गाडीत मला आजवर एकच कल्पना सुचली आहे: ठाण्याला उतरायचंय तर मुलुंडपासूनच दाराकडे सरकायला लागावं.

मग कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ बरोबर २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, हीसुद्धा करून बघा. मग हर्षद संख्या, म्हणजे स्वतःच्या आकड्यांच्या बेरजेनं पूर्ण भाग जाणाऱ्या. रामानुजनांची १७२९ हर्षद आहे, कारण १+७+२+९ = १९ आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. हर्षद म्हणजे आनंद देणारी, नाव संस्कृतातून उचललेलं. पुढे १९७७ साली आयव्हन निव्हन नावाच्या गणितज्ञानं एका व्याख्यानात अशा संख्यांचा विषय काढला आणि इंग्रजी पुस्तकांत त्या निव्हन संख्याही झाल्या. आपला हर्षद असा गपचूप निव्हन झाला. मला याचा राग आला, पण हर्षद हे नावही टिकून आहे, त्यावर समाधान मानतो.

आणखी एक प्रकार देवळालीच्याच नावाचा. कुठल्याही संख्येत तिच्या आकड्यांची बेरीज मिळवा. २३ मध्ये २+३ मिळवले की २८. म्हणजे २८ ला २३ नं जन्म दिला. पण काही संख्या अशा आहेत की त्यांना असा कोणी जन्मदाताच नाही. २०, ३१, ४२, ५३... या स्वयंभू संख्या, उर्फ देवळाली संख्या. शाळा सुटल्यावर ज्या गावात बसून हे शोधलं, त्या गावाचं नाव त्यांनी संख्यांना देऊन टाकलं.

आणि मग ६१७४. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ही गोष्ट जाहीर केली आणि १९५५ साली तिच्यावरचा त्यांचा लेख स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या परदेशी नियतकालिकात छापून आला. आज या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

पण त्या काळात आपल्याकडचे बरेच गणितज्ञ त्यांना हसत. हे काय गणित आहे? शाळेतल्या मुलांचा खेळ! चांगल्या जर्नलांत त्यांचं काम फारसं येत नसे. मग मास्तर स्वतःच पुस्तिका छापत. प्रकाशक स्वतः लेखक, गाव देवळाली. मास्तरकीच्या पगारात आपण होऊन पुस्तिका छापायच्या म्हणजे काय, ते ज्यांनी आपल्या मॅगझिनसाठी जाहिराती गोळा केल्यात त्यांना कळेल.

हसणारे अगदीच चूक होते का? मला तसं म्हणता येत नाही. ६१७४ ची जादू दहाच्या पद्धतीत लिहिण्यावर उभी आहे. आपल्याला बारा बोटं असती तर ६१७४ ला कोणी विचारलं नसतं. ऑयलरचा मनोरा तसा नाही, तो कुठल्याही लिपीत, कुठल्याही पद्धतीत २ वरच थांबेल. आकड्यांच्या गमतीला खोल गणित मानायचं नाही असं एखादा प्रोफेसर म्हणाला तर त्याचा मुद्दा मला कळतो.

पण हसण्याआधी वजाबाकी करून बघावी की नाही? मी करून बघितली. चार आकडे मोठ्यापासून लहान असे अ, ब, क, ड धरा. मोठी संख्या वजा लहान संख्या केली की सरळ सरळ येतं: ९९९ गुणिले (अ वजा ड), अधिक ९० गुणिले (ब वजा क). म्हणजे मूळ संख्या काय होती याच्याशी देणंघेणंच नाही! फक्त दोन फरक महत्त्वाचे, बाहेरच्या दोघांतला आणि आतल्या दोघांतला. बाहेरचा फरक १ ते ९, आणि आतला त्याच्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर बरोबर ५४ भरतात. झालं! दहा हजार संख्या तपासायची गरज नाही, ५४ उत्तरं तपासली की सिद्धता पूर्ण. जर्नलच्या दोन पानांत मावते, मी मावून बघितली. बाहेरचा फरक ६, आतला २ घेतला की ५९९४ अधिक १८० बरोबर ६१७४, आणि ६१७४ चे आकडे ७, ६, ४, १: बाहेरचा फरक पुन्हा ६, आतला पुन्हा २. म्हणून ती हलत नाही. एम-टूचा सगळा सिलॅबस संपवला तेव्हा जेवढं समाधान वाटलं नव्हतं तेवढं या दोन पानांनी दिलं.

आणि मनोऱ्यासारखी गंमत इथेही आहे. इथेही स्थिर जागा दोन, ६१७४ आणि शून्य. पण शून्यावर फक्त ११११, २२२२ असे सगळे सारखेच जातात. ज्याच्यात एक जरी आकडा वेगळा असेल तो ६१७४ लाच पोचतो. आणि हे चार आकड्यांचंच भाग्य हं! तीन आकडी घेतल्या तर ४९५ वर थांबतात. दोन आकडी थांबतच नाहीत, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशा फिरत राहतात. पाच आकडींनाही एक मुक्काम नाही.

मास्तरांच्या उतारवयाबद्दल वाचताना मात्र गंमत वाटेनाशी झाली. १९६२ साली निवृत्ती, १९६६ साली पत्नी गेली. पेन्शन इतकी तुटपुंजी की भागेना. ज्या माणसाच्या नावाच्या संख्या आहेत त्यानं साठी उलटल्यावर गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन पोट भरलं. आपल्यापैकी कितीतरी जण सुट्टीत शिकवण्या घेतात, आपल्याला तो पॉकेटमनी असतो.

मग मार्च १९७५. अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर गणिती करमणुकीचं सदर लिहीत. जगभरचे गणितवेडे ते वाचत. त्या महिन्यात त्यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्यांवर लिहिलं आणि एका फटक्यात देवळालीचे मास्तर जगाला माहीत झाले. रामानुजनांना हार्डी भेटले तेव्हा रामानुजन पंचविशीतले होते. कापरेकरांना गार्डनर भेटले (तेही कागदावर) तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८६ साली, ते गेले.

मी त्यांचं जन्मवर्ष घेऊन वजाबाक्या केल्या. १९०५ वरून ९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. पूर्ण सात पायऱ्या. मग मृत्यूचं वर्ष घेतलं. १९८६ वरून पहिल्याच फटक्यात ८१७२! तिथून पुढे तोच रस्ता, ७४४३, ३९९६... मला माहीत आहे की हा योगायोग आहे, ५४ च जोड्या असल्या की रस्ते कुठेतरी मिळणारच. तरी मी वही मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

परीक्षेच्या आधी दोन दिवस घरी जाऊन आलो. आजोबांना विचारलं, तुम्हांला कापरेकर मास्तर माहीत होते का? आजोबा म्हणाले, नाव ऐकून होतो, देवळालीला होते, आकड्यांचं वेड होतं म्हणत. बस, एवढंच. मी त्यांना कागद-पेन दिलं आणि त्यांचं जन्मवर्ष लिहायला सांगितलं. आजोबा रेल्वेत होते, तोंडी हिशोब पक्का. कागदाला हात न लावता पुटपुटत सुटले. मध्येच थांबले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. दोन्ही वेळा तेच आलं म्हटल्यावर आजीला हाक मारून तिचं जन्मवर्ष विचारलं. आजीनं ते सांगायला नकार दिला, तो विषय वेगळा.

परत येताना गाडी देवळालीला थांबली. या वेळी मी खिडकीतून नीट बघितलं. नेहमीचंच स्टेशन, प्लॅटफॉर्मवर चहावाला, लष्कराचे दोन जवान ट्रंका घेऊन उभे. गाडी सुटली.

पेपरच्या दिवशी हॉल तिकिटावरच्या सीट नंबरचे शेवटचे चार आकडे होते ३०८७. प्रश्नपत्रिका वाटायला अजून पाच मिनिटं होती. तिकिटाच्या मागच्या कोपऱ्यात काही लिहिणं बरं दिसलं नसतं, म्हणून आजोबांसारखं तोंडीच केलं. ८७३० वजा ३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८. दोनच पायऱ्या. तेवढ्यात सुपरवायझर आले आणि मी हात पुढे केला.